गिऱ्हाईक तुमच्या मालावर वरून पैसे कुठे घालतं? सॅव्हेज रायफलीची गोष्ट, जरा सविस्तर



रविवारच्या व्हिडिओत "गिऱ्हाइकाची तक्रार कशी वाचायची" हा विषय घेतला होता. त्यात अमेरिकेतल्या सॅव्हेज या रायफल कंपनीचं उदाहरण मी तीन-चार मिनिटांत उरकलं. ते काही जणांना रुचलं नाही. वर्कशॉप चालवणाऱ्या एका दादांनी तर फोनच केला, "सर, तुम्ही चेकनटचं म्हणालात आणि पुढे निघून गेलात. आमच्या कामाचं तेच होतं की!" बरोबर आहे त्यांचं. म्हणून आज निवांत लिहून काढतोय. चहा घेऊन बसा.

रायफलच का, असाही प्रश्न आला. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हौसेची शिकार बंद झाली, आणि बंदूक ठेवायची तर परवाना लागतो. आपला रायफलीशी संबंध येतो तो खेळापुरता. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला ५० मीटर रायफलमध्ये ब्राँझ आणलं, तेव्हा गावोगावी लोकांना "थ्री पोझिशन" म्हणजे काय ते कळलं. अमेरिकेत मात्र चित्र वेगळं आहे. तिथे दर वर्षी हरणाच्या शिकारीचा हंगाम येतो, एक रायफल माणूस तीस-चाळीस वर्षं वापरतो, मग मुलाला देतो. म्हणजे एकदा विकलेल्या मालाबद्दल गिऱ्हाईक तीस वर्षं बोलत राहतं! आपल्या धंद्यात असं कुठे मिळतं? मिक्सर पाच वर्षांत भंगारात जातो, तक्रारही त्याच्याबरोबर जाते. म्हणून हे उदाहरण मला आवडतं. मालकांचं म्हणणं आणि कंपनीने त्याचं काय केलं, हे दोन्ही इथे लांबपर्यंत बघता येतं.

एकशे दहा डॉलरची रायफल

आर्थर सॅव्हेज हा जमैकात जन्मलेला माणूस. त्याने १८९४ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या युटिका गावात कंपनी काढली. पुढे कंपनीचं नाव झालं ते मॉडेल ९९ मुळे. खाली कडी ओढून काडतूस चढवायची रायफल, बाहेर हातोडी नाही, आत काडतुसं फिरत्या चक्रीत बसवलेली. ज्यांच्याकडे ही ९९ आहे ते आजही तिच्याबद्दल घरातल्या म्हाताऱ्या माणसाबद्दल बोलावं तसं बोलतात. पण ती बनवायला महाग होती. आत बारीकसारीक मशीनिंग फार. जगभर जे होतं तेच झालं: मजुरी वाढली, आणि जुनी सुंदर वस्तू परवडेना. १९९० च्या दशकाच्या शेवटी ती बंद पडली.

पण त्याच्या बरंच आधी, १९५८ मध्ये, कंपनीने मॉडेल ११० ही बोल्ट रायफल आणली होती. निकोलस ब्रूअर नावाच्या डिझायनरची. किंमत एकशे दहा डॉलरच्या आसपास होती आणि नावही त्यावरूनच पडलं, असं सांगतात. उद्देश स्पष्ट होता. त्या वेळी विंचेस्टर आणि रेमिंग्टन या मोठ्या कंपन्यांच्या रायफली होत्या, त्यांच्यापेक्षा स्वस्तात द्यायची. पुढच्याच वर्षी डावखुऱ्यांसाठी उलट्या बाजूचा बोल्ट असलेलं मॉडेलही काढलं. मोठ्या कंपन्यांना डावखुरा म्हणजे किरकोळ गिऱ्हाईक वाटायचं. सॅव्हेजने त्याला दुकानात हक्काची जागा दिली.

आता तो चेकनट. वर्कशॉपवाल्यांनो, इथे लक्ष द्या.

रायफलीची नळी आट्यांनी मुख्य सांगाड्यात बसते. काडतूस नळीच्या मागच्या घरात जातं आणि त्याच्या मागे बोल्ट बंद होतो. काडतूस जिथे टेकतं ती जागा आणि बोल्टचं तोंड, यांच्यातलं अंतर अगदी नेमकं लागतं. याला हेडस्पेस म्हणतात. अंतर कमी पडलं तर बोल्ट बंदच होणार नाही. जास्त झालं तर बार उडताना काडतुसाचं पितळ फाटू शकतं, आणि ते कुठे होतं? नेमबाजाच्या तोंडापासून चार बोटांवर. म्हणजे इथे चालढकल नाही.

बहुतेक कंपन्या नळीवर एक खांदा ठेवतात. नळी फिरवत आत न्यायची, खांदा सांगाड्याला टेकला की थांबायचं. पण मग तो खांदा, ते आटे आणि आतलं घर, तिन्ही मापं एकमेकांशी जुळवून कापावी लागतात. त्यासाठी हातचा कारागीर आणि वेळ लागतो. ब्रूअरने काय केलं? खांदाच काढून टाकला. नळीवर नुसते आटे. त्यावर एक मोठा नट. आत गेज ठेवायचा, बोल्ट बंद करायचा, नळी गेजला टेकेपर्यंत फिरवायची, आणि वरून नट आवळून टाकायचा. झालं! आपल्याकडे प्रत्येक फिटर रोज जे चेकनटने करतो, तेच. माप कापून आणायचं काम त्याने जुळवून आवळायच्या कामात बदललं.

दुसरी गोष्ट बोल्टच्या तोंडाची. बाकीच्यांचा बोल्ट एकसंध असायचा. सॅव्हेजचं बोल्टचं डोकं वेगळं, पिनवर बसवलेलं, त्याला किंचित हालचाल ठेवलेली. बंद होताना ते आपलं आपण सरळ टेकतं, दोन्ही दात सारखा भार घेतात. एकसंध बोल्टमध्ये हे साधायला कारागीर हाताने घासून जुळवतो.

दोन्ही गोष्टी पैसे वाचवायला केल्या होत्या. आणि दोन्हींमुळे रायफलीचा नेम सुधारला! स्वस्त रायफल म्हणून घेतलेली वस्तू दुप्पट किमतीच्या रायफलीच्या बरोबरीने कागदावर भोकं पाडायला लागली.

मालक काय सांगतात

सॅव्हेजच्या मालकांचं बोलणं बरीच वर्षं एकाच सुरात चालू आहे. पहिलं वाक्य: "दिसायला काही खास नाही, पण मारते नेमकी." नेमकी म्हणजे किती, तर शंभर यार्डांवर, साधारण ९१ मीटरवर, तीन किंवा पाच गोळ्या एका इंचाच्या आत. एक इंच म्हणजे तिथे जवळपास एका अंशाचा साठावा भाग. नेमबाज याला एक एमओए म्हणतात. खोक्यातून काढली, दुर्बीण बसवली, आणि पहिल्याच दिवशी एवढं जमलं, असं सांगणारे सॅव्हेजचे मालक खूप भेटतात.

(इथे एक मीठाचा खडा घ्या. माणूस पाकिटात जपून ठेवतो तो सर्वात चांगला कागद. ज्या दिवशी तीन इंच पसरल्या तो कागद कोणी जपत नाही. तीन गोळ्यांचा झुबका पाच गोळ्यांपेक्षा नेहमी छान दिसतो. तुमच्या क्लासच्या जाहिरातीत ९५ टक्केवाल्यांचेच फोटो का असतात, तेच कारण.)

मग दुसरं वाक्य येतं, आणि ते "पण" ने सुरू होतं. नळीवरचा तो नट दिसायला ओबडधोबड, नळावर पान्याने काम करून ठेवल्यासारखा. बोल्ट वर उचलायला कडक, मागे-पुढे करताना खरखर. प्लास्टिकचा दस्ता इतका लवचीक की पुढे टेकू दिला की वाकून नळीला लागतो आणि नेम सरकतो. आणि २००२ च्या आधीच्या रायफलींबद्दल सगळ्यात जास्त ऐकू येणारा "पण": चाप फार जड.

नटबद्दल मात्र गंमत झाली. ज्याला लोक कुरूप म्हणत होते, त्याचाच हौशी मालकांना लळा लागला. नळी झिजली किंवा दुसऱ्या मापाचं काडतूस वापरायचं ठरलं, तर बाकी रायफलींना गनस्मिथकडे न्यावं लागतं, लेथवर काम, महिनोन्महिने थांबा. सॅव्हेजचा मालक एक नटाचा पाना, एक शिकंजा आणि गो व नो-गो गेज घेऊन गॅरेजमध्येच नळी बदलतो. गो गेजवर बोल्ट बंद झाला पाहिजे, नो-गोवर होता कामा नये. त्यासाठी तयार नळ्या विकणारा एक वेगळा धंदाच उभा राहिला. कारखान्याने स्वतःच्या सोयीसाठी केलेली गोष्ट गिऱ्हाइकाच्या हातात सोय म्हणून गेली. दिसण्याची तक्रार तशीच राहिली, पण तिच्यामुळे कोणी गिऱ्हाईक सोडून गेलं नाही.

चापाचं तसं नव्हतं.

चाप जड म्हणजे नक्की काय बिघडतं?

साधा हिशोब करा. शिकारीच्या रायफलीचं वजन साधारण तीन-सव्वातीन किलो. कारखान्यातून येणारा चाप ओढायला सहा-सात पौंडांचा, म्हणजे पावणेतीन-तीन किलोंचा जोर लागायचा. वस्तूच्या वजनाइतक्या जोराने तिचाच एक भाग एका बोटाने ओढायचा, आणि वस्तू तसूभर हलू द्यायची नाही! एका अंशाचा साठावा भाग हलली की शंभर यार्डांवर एक इंच चुकलं. नळी कितीही चांगली असो, बोट तिला हलवून टाकतं.

मग कंपन्या मुद्दाम जड का ठेवायच्या? वकिलांच्या भीतीने. हलका चाप म्हणजे धक्का लागून, रायफल पडून, झटक्याने बोल्ट बंद करताना बार उडायचा धोका. अमेरिकेत असा अपघात झाला की कंपनीवर दावा, आणि ज्युरी एकेका खटल्यात मोठी रक्कम लावते. ही भीती हवेतली नाही. रेमिंग्टनच्या ७०० या गाजलेल्या मॉडेलवर चाप न ओढता बार उडाल्याच्या तक्रारी आणि खटले अनेक वर्षं चालले, त्यात माणसं गेल्याचेही दावे होते. कंपनीने दोष कधी मान्य केला नाही, पण शेवटी लाखो रायफलींचे ट्रिगर फुकट बदलून देण्याची तडजोड कोर्टात केली. तेव्हा सॅव्हेजच काय, जवळपास सगळ्याच कंपन्या चाप जड ठेवायच्या, काही जण आतला स्क्रू लाखेने बंद करायचे. मालक लोक त्याला वैतागून "वकिली चाप" म्हणायचे.

आणि मालक पुढे काय करायचे ते बघा. नवी रायफल घेतली की काही जण ती सरळ गनस्मिथकडे न्यायचे, चाप हलका करून घ्यायला. काही जण टिमनीसारख्या, फक्त ट्रिगर बनवणाऱ्या कंपन्यांचा तयार ट्रिगर विकत घेऊन बसवायचे. काही महाभाग घरीच कानस घेऊन बसायचे, आणि ते खरोखर जिवावरचं काम होतं. म्हणजे कंपनीने सुरक्षिततेसाठी चाप जड ठेवला, आणि त्यामुळेच काही रायफली घरच्या घासकामाने धोकादायक झाल्या.

थांबा, हे परत वाचा. गिऱ्हाईक तुमचा माल विकत घेतं आणि त्याच आठवड्यात दुसऱ्याच्या दुकानात जाऊन त्या मालावर वरून पैसे घालतं. तुमच्या हिशोबाच्या वहीत हे कुठेच दिसत नाही. तुमची विक्री झालेली आहे. परत आलेला माल शून्य. तक्रार अर्जही नाही. अकाउंटंट म्हणेल सगळं उत्तम आहे!

१९८८ ते २००२

मधल्या काळात सॅव्हेजची अवस्था फार वाईट झाली होती. १९८८ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या संरक्षणात गेली. रोनाल्ड कोबर्न यांनी कारभार हातात घेतला तेव्हा कंपनी नाना प्रकारच्या बंदुका बनवत होती. कोबर्न यांनी जवळजवळ सगळं बंद केलं आणि एकच ठेवलं, मॉडेल ११०. तीस वर्षं जुनं डिझाइन, स्वस्त, कुरूप, पण नेमकं. त्या एकाच मालावर कारखाना उभा राहिला, मग हळूहळू बाकीचे प्रकार परत आले. १९९५ मध्ये कंपनी कोबर्न यांच्या पुढाकाराने खाजगी मालकीत आली.

आपल्याकडे धंदा अडचणीत आला की माणूस काय करतो? नवे आयटम वाढवतो. फरसाण चालत नाही म्हणून केक ठेवतो, केक चालत नाही म्हणून मोबाइल रिचार्ज. या विषयावर मी इतके व्हिडिओ केलेत की आता थांबतो.

२००२ मध्ये कंपनीने अ‍ॅक्युट्रिगर आणला. बाहेरून दिसतं ते इतकंच की चापाच्या मधोमध एक पातळ पाती आहे, जराशी पुढे आलेली. बोट ठेवलं की आधी ती पाती आत दबते, मग चाप ओढला जातो.

आत काय चालतं? चाप हा एका अडसराला अडवून ठेवतो. तो अडसर सुटला की पिन पुढे जाऊन काडतुसावर आपटते. चाप हलका ठेवला म्हणजे अडसराची पकड नाजूक झाली, धक्क्याने सुटू शकते. इथे ती पाती कामाला येते. पाती दाबलेली नसेल तर तिचं टोक अडसराच्या वाटेत उभं असतं. रायफल पडली, अडसर चापावरून निसटला, तरी तो पातीवर जाऊन अडकतो. बार उडत नाही. परत चालू करायला बोल्ट उचलून बंद करावा लागतो. पाती दाबली जाते ती फक्त बोट चापावर व्यवस्थित असेल तेव्हाच.

म्हणजे वकिलाची भीती आणि नेमबाजाचं बोट, दोघांचं एकाच वेळी ऐकलं. त्यामुळे चाप हलका करणं कंपनीलाच परवडलं. शिकारीच्या रायफलीवर साधारण दीड ते सहा पौंड, म्हणजे पावणेसातशे ग्रॅम ते पावणेतीन किलो. निशाणेबाजीच्या मॉडेलवर तर सहा औंसांपर्यंत, म्हणजे जेमतेम १७० ग्रॅम. आणि माझ्या मते सगळ्यात हुशारीची गोष्ट: चाप कमी-जास्त करायची छोटी किल्ली खोक्यातच दिली. जे काम मालक चोरून, कानशीने, वॉरंटी घालवून करत होता, ते कंपनीने त्याच्या हातात अधिकृतपणे दिलं, आणि सुरक्षित मर्यादा ठरवून दिली. त्या मर्यादेखाली किल्ली फिरतच नाही.

कल्पना अगदी आकाशातून पडली होती असं नाही. ग्लॉक पिस्तुलाच्या चापात १९८० च्या दशकापासून एक पाती होतीच, काम जरा वेगळं होतं. पण हजारो रायफलवाल्यांचं तेच रडगाणं वर्षानुवर्षं चालू असताना स्वस्त शिकारी रायफलीत ते बसवून दाखवलं सॅव्हेजने. पुढच्या दहा वर्षांत मार्लिन, मॉसबर्ग, रूगर, सगळ्यांनी पातीवाले चाप काढले. बाकीच्यांचे जड चाप आपोआप जुने दिसायला लागले. आज अमेरिकेत स्वस्तातली रायफल घेणाऱ्यालाही बऱ्यापैकी चाप मिळतो, त्यामागे हे आहे.

पैसे वाचवायचे कुठे: विंचेस्टरची चूक

व्हिडिओत हा भाग मी गाळला होता. सॅव्हेजने पैसे वाचवले तर लोक खूश, मग विंचेस्टरने वाचवले तेव्हा काय झालं?

विंचेस्टरचं मॉडेल ७० हे १९३६ चं, "रायफलवाल्यांची रायफल" म्हणून मिरवणारं. मोठी पंजासारखी पकड काडतुसाला मॅगझिनमधून बाहेर येतानाच धरायची. लाकडी दस्त्यावर हाताला पकड मिळावी म्हणून कोरीव जाळी असायची. खर्च वाढत गेला. १९६४ मध्ये कंपनीने डिझाइन बदललं: ती मोठी पकड गेली, कोरीव जाळीच्या जागी दाबून उठवलेली नक्षी आली, नळी आणि लाकूड यांच्यात डोळ्याला खुपेल अशी फट आली. गोळी मारायच्या कामात नवी रायफल अगदी टाकाऊ होती असं म्हणता येणार नाही. पण मालकांनी हातात घेतली आणि तोंड वाकडं केलं. "प्री-६४" हा शब्दच तयार झाला, आणि जुन्या वापरलेल्या रायफलींना नव्यापेक्षा जास्त मान आणि किंमत मिळायला लागली. विचार करा, तुमच्या दुकानातल्या नव्या कोऱ्या मालाचा सगळ्यात मोठा स्पर्धक तुमचाच तीस वर्षांचा जुना माल! कंपनीने पुढे सुधारणा केल्या, १९९० च्या दशकात ती जुनी पकडही परत आणली. तरीही साठ वर्षांनंतर जुनी रायफल विकणारा माणूस पहिल्या ओळीत "प्री-६४" लिहितो.

सॅव्हेजने जिथे वाचवलं तिथे गिऱ्हाइकाचा हात जात नव्हता, आणि वाचवल्याने काम सुधारलं. विंचेस्टरने वाचवलं ते हाताखाली. पण सॅव्हेजला फार डोक्यावर घेऊ नका. प्लास्टिकच्या दस्त्यात त्यांनीही हाताखालीच वाचवलं, आणि त्याची बोलणी अनेक वर्षं खाल्ली. २००९ मध्ये दस्त्याच्या आत अ‍ॅल्युमिनियमचा सांगाडा घालून ते दुरुस्त करायला घेतलं, तेही सगळ्या मॉडेलांत नाही. २०१८ मध्ये दस्त्याची लांबी आणि गालाची उंची मालकाला जुळवता येईल अशी सोय आली.

मग आपण काय वाचायचं?

सगळ्या तक्रारी सारख्या नसतात. "नेम लागत नाही" म्हणणाऱ्या किती जणांच्या दुर्बिणीचे स्क्रू ढिले निघतात, विचारू नका. एकाच रायफलीला एका कंपनीचं काडतूस मानवतं, दुसऱ्याचं नाही. अशी तक्रार आली तर आधी दोन प्रश्न विचारायचे, कारखान्यात धावायचं नाही. "दिसायला कुरूप" ही तक्रार सॅव्हेजने अनेक वर्षं पचवली आणि काही बिघडलं नाही, कारण ती करणारा माणूसच पुढे म्हणायचा की मी दुसरी पण सॅव्हेजच घेणार.

मी बघतो तो "पण" कुणाचा आहे ते. रागावून गेलेल्या गिऱ्हाइकाचा "पण" ऐकावा, पण त्यात राग जास्त असतो. खूश असलेलं, चार जणांना तुमचं नाव सांगणारं गिऱ्हाईक जेव्हा म्हणतं "सगळं मस्त, पण तेवढं एक…", तेव्हा वही काढा. आणि त्या "पण" साठी ते स्वतःच्या खिशातून पैसे किंवा वेळ घालत असेल, तर त्याच दिवशी कामाला लागा.

माझ्याकडे एक घरघंटी बनवणारे काका येतात. नाव सांगत नाही, त्यांना आवडणार नाही. माल चांगला, मोटर चांगली, पीठ बारीक. त्यांना मी विचारलं, "घंटी घेतल्यावर लोक आणखी काय विकत घेतात?" ते म्हणाले, "काही नाही." मी म्हटलं, जुन्या दहा गिऱ्हाइकांकडे जाऊन या, घंटी कुठे ठेवलीय तेवढं फक्त बघा. काहीही विचारू नका. आठ दिवसांनी आले ते हसतच. दहातल्या सात घरांत घंटीखाली काहीतरी होतं. कुठे जुन्या टायरचा तुकडा, कुठे चारपदरी गोणपाट, एका ठिकाणी तर हार्डवेअरच्या दुकानातून आणलेला चांगला महागाचा रबरी पॅड. घंटी थरथरते आणि फरशीवर सरकते! एकानेही तक्रार केली नव्हती. काकूंनी आपला गोणपाट घातला आणि विषय संपवला. आता काका पायाला रबर लावूनच घंटी देतात, आणि बाजूच्या कंपनीच्या घंट्या थरथरताना बघून त्यांना जो आनंद होतो तो वेगळाच.

आणि परत तीच चूक

सॅव्हेजची गोष्ट इथे गोड संपली असती. पण २०१० मध्ये कंपनीने एज नावाची अगदी स्वस्त रायफल काढली, नंतर तिचंच नाव अ‍ॅक्सिस झालं. नळी सॅव्हेजची, नट सॅव्हेजचा, नेम चांगला. किंमत खाली आणायला काय काढलं? अ‍ॅक्युट्रिगर! साधा, जड, कमी-जास्त न होणारा चाप बसवला.

मालक काय म्हणाले असतील ते आता तुम्हीच सांगू शकाल. "एवढ्या पैशात अशी मारणारी रायफल नाही, पण चाप…" आणि पुन्हा तेच सुरू झालं. बाहेरून हलकी स्प्रिंग आणून बसवणारे, घरीच स्प्रिंग कापणारे, दुसऱ्याचा ट्रिगर विकत घेणारे. आठ वर्षांपूर्वी ज्या कंपनीने हा प्रश्न सोडवून बाजार पालटवला होता, तिच्याच मालावर तिचीच गिऱ्हाइकं पुन्हा दुसऱ्याच्या दुकानात वरून पैसे घालत होती. २०१४ मध्ये अ‍ॅक्सिस टू आली, पातीवाल्या चापासकट. जुनी अ‍ॅक्सिसही विकायला राहिली, ज्याला चार पैसे कमी द्यायचे त्याच्यासाठी.

मधल्या काळात कंपनीची मालकीही फिरली. २०१३ मध्ये एटीके या बड्या कंपनीने ३१ कोटी ५० लाख डॉलरला घेतली, आणि २०१९ मध्ये सॅव्हेजच्याच व्यवस्थापनातल्या लोकांच्या गटाने ती १७ कोटी डॉलरला परत विकत घेतली. एवढी किंमत का उतरली त्यात बंदुकीच्या बाजाराची, अमेरिकेतल्या राजकारणाची बरीच कारणं आहेत, तो वेगळ्या व्हिडिओचा विषय आहे.

पुढच्या रविवारच्या लाइव्हला येताना एवढंच करून या: तुमच्या पाच जुन्या गिऱ्हाइकांकडे जा, तुमचा माल ते कसा वापरतात ते बघा, आणि त्याच्याखाली, वर, बाजूला त्यांनी स्वतःचं काय लावलंय ते कागदावर लिहून आणा. फोनवर विचारू नका. फोनवर सगळे "छान आहे हो" म्हणतात.